निबंधाची सुरुवात अडते तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निबंधाचा मधला भाग जमतो, मुद्दे असतात, उदाहरणंही सुचतात, पण सुरुवात लिहायला बसलं की अर्धा अर्धा तास कोऱ्या कागदाकडे बघण्यात जातो. सुविचार, व्याख्या, कवितेच्या ओळी असं सगळं करून पाहिलं, तरी शेरा तोच येतो, 'प्रस्तावना प्रभावी नाही'. मग प्रभावी म्हणजे काय, आणि परीक्षेत वेळ संपत चाललेला असताना ती लिहायची कशी?

मी अनेक वर्षं निबंध शिकवतो, तपासतो आणि इतरांच्या लेखांचं संपादनही करतो. सुरुवातीपाशी अडलेले जेवढे लेखक मी जवळून पाहिले, त्यांतले बहुतेक पहिल्या वाक्यापाशी अडलेले नव्हतेच. आपल्याला काय म्हणायचं आहे, हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. विषय ठाऊक होता, मुद्दे ठाऊक होते, पण त्या मुद्द्यांतून निघतं काय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. अशा वेळी पहिलं वाक्य सुचत नाही, आणि न सुचलेलंच बरं. सुचलं असतं तरी ते कुठल्याही निबंधाला चिकटवता येईल असंच निघालं असतं.

म्हणून प्रस्तावनेला हात लावण्याआधी कच्च्या कागदावर एक वाक्य लिहा, 'माझं म्हणणं असं की' इथून सुरू होणारं. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. 'पाठांतराचे फायदे-तोटे' हे वाक्य नव्हे, तो मथळा झाला. 'पाठांतर चांगलंही आहे आणि वाईटही' हे वाक्य आहे, पण म्हणणं नाही. त्यावर कोणीच तुमच्याशी वाद घालणार नाही. 'विचार करताना जे हाताशी लागतं ते पाठ असावं, जे विचारातूनच मिळवायचं असतं ते पाठ करू नये' हे मात्र म्हणणं झालं. कोणी ते खोडून काढू शकेल, आणि म्हणूनच ते पुढे वाचावंसं वाटेल. हे वाक्य हातात आलं की प्रस्तावनेचं निम्मं काम झालं. येत नसेल तर प्रस्तावना घासत बसू नका, परत मुद्द्यांकडे जा.

आता 'प्रभावी' या शब्दाकडे वळतो, कारण या शब्दानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. विद्यार्थ्याला वाटतं, प्रभावी म्हणजे भारदस्त, अलंकारिक, टाळी घेणारं. पण वाचक पहिला परिच्छेद वाचताना टाळी द्यायला बसलेला नसतो. तो अंदाज घेत असतो: हे कशाविषयी आहे, मी ते का वाचू, आणि हा लेखक मला कुठे नेणार आहे? आपल्या शास्त्रग्रंथांच्या परंपरेत याला 'अनुबंधचतुष्टय' म्हणतात. ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी उघड व्हाव्यात, अशी अपेक्षा असे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. म्हणजे कशाविषयी, कशासाठी, या ग्रंथाचं त्या विषयाशी नातं काय, आणि तो कोणी वाचावा. एवढी जुनी कसोटी, पण आजच्या निबंधालाही ती जशीच्या तशी लावता येते. मी तपासलेल्या प्रस्तावनांत विषय जवळजवळ प्रत्येकाने लिहिलेला असतो. प्रयोजन क्वचित दिसतं. 'हा प्रश्न आत्ता का विचारायचा? तो सुटला नाही तर कोणाचं काय बिघडतं?' याचं उत्तर पहिल्या काही ओळींत कुठेतरी डोकावलं, की तोच मजकूर एकदम जिवंत वाटू लागतो.

अधिकारी, म्हणजे वाचक कोण, हा भागही हलका समजू नका. तज्ज्ञासाठी लिहिताना संज्ञा समजावत बसलात तर तो कंटाळतो. नवख्यासाठी लिहिताना पहिल्याच ओळीत तीन संज्ञा टाकल्यात तर तो पान उलटतो. सुरुवातीच्या मजकुरात काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे ठरवताना तो वाचक डोळ्यांपुढे आणा. पुष्कळ शंका तिथेच मिटतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. वाचक प्रस्तावना आधी वाचतो, म्हणून ती आधीच लिहायला हवी असं नाही. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी 55 साली वक्तृत्वकलेवर एक संवाद लिहिला. त्यात अँटोनियस नावाचा मुरलेला वक्ता सांगतो की जे सर्वांत आधी बोलायचं असतं, त्याचा विचार मी सर्वांत शेवटी करतो. कारण आधी करायला गेलो तर किरकोळ, पोकळ, कोणालाही सुचेल असंच काहीतरी सुचतं. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आणि तुमची तक्रार एकच आहे. उपायही तोच. वरच्या चार-सहा ओळी मोकळ्या सोडा, मधला भाग लिहून काढा, आणि मग सुरुवातीकडे या. तोवर तुमचा युक्तिवाद कुठे बळकट आहे, कोणतं उदाहरण सगळ्यांत बोलकं ठरलं, कोणत्या आक्षेपाला उत्तर देताना दमछाक झाली, हे सगळं तुम्हाला कळलेलं असतं. सुरुवातीला लागणारं साहित्य तेच.

संपादन करताना माझी एक सवय आहे. लेख हातात आला की पहिला परिच्छेद बोटाने झाकून दुसऱ्यापासून वाचायला लागायचं. काही अडलं नाही, काही हुकल्यासारखं वाटलं नाही, तर पहिला परिच्छेद काढून टाकायचा. किती वेळा तो निघतो हे पाहून लेखकांना आश्चर्य वाटतं. पहिला परिच्छेद लिहिताना आपण खरं तर लिहिण्याची तयारी करत असतो; हात मोकळा होत असतो, विषयाभोवती फेऱ्या मारणं चालू असतं. तो लिहिणं वाईट नाही, तो ठेवणं वाईट.

आता हे एका उदाहरणावर करून दाखवतो. विषय वरचाच घेऊ, शिक्षणात पाठांतराचं स्थान. नेहमी हाती येणारी सुरुवात साधारण अशी असते:

'प्राचीन काळापासून मानवी जीवनात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. शिक्षणाशिवाय मनुष्य अपूर्ण आहे. शिक्षणाच्या अनेक पद्धती आहेत व पाठांतर ही त्यांपैकी एक महत्त्वाची पद्धत होय. पाठांतराचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही, व्याकरणही शुद्ध आहे. तरीही परिच्छेद निकामी आहे. 'पाठांतर' हा शब्द काढून तिथे 'प्रयोग' किंवा 'गटचर्चा' घाला. परिच्छेदाला काही होत नाही. ज्या सुरुवातीतला विषय बदलला तरी ती तशीच उभी राहते, ती त्या निबंधाची सुरुवात नव्हे. दुसरा दोष अंतराचा. मानवी जीवनापासून निघालेला लेखक पाठांतरापर्यंत पोचेतोवर तीन वाक्यं संपतात, आणि त्या तीन वाक्यांत वाचकाला एकही नवी गोष्ट मिळत नाही. विषयाच्या जितक्या जवळून सुरुवात करता येईल तितक्या जवळून करावी, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

याच विद्यार्थ्याला पुन्हा लिहायला सांगितलं तर पुढचा खर्डा असा येतो:

'पाठांतराविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात. पाठ केल्याशिवाय काही पक्कं होत नाही, असं काही जण म्हणतात. पाठांतराने विचारशक्ती मारली जाते, असं इतर म्हणतात. या निबंधात दोन्ही मतांचा विचार करून पाठांतराची मर्यादा कुठे असावी हे मी सांगणार आहे.'

हा बराच पुढचा टप्पा आहे. वाद आहे हे कळलं, तो कशाविषयी आहे हेही कळलं. परीक्षेत एवढं जमलं तरी पुरे. पण दोन उणिवा राहतात. लेखक आपलं म्हणणं अजून खिशातच ठेवून आहे, 'सांगणार आहे' म्हणतो पण सांगत नाही. आणि डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, मतंच मतांशी झगडताना दिसतात. म्हणून त्याला मी विचारतो: तुझं म्हणणं प्रत्यक्षात कुठे दिसतं? असं दृश्य सांग की ते पाहून मला तुझं म्हणणं पटायला सुरुवात होईल. त्यातून तिसरा खर्डा निघतो:

'भागाकार करताना मूल मध्येच थांबतं, कारण सात आठे किती हे त्याला आठवत नाही. बोटं मोजत ते छप्पन्नपर्यंत पोचतं खरं, पण तोवर भागाकाराची कोणती पायरी चालू होती हेच विसरलेलं असतं. पुढच्या तासाला तेच मूल गुरुत्वाकर्षणाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतं, आणि वर फेकलेला चेंडू खाली का येतो असं विचारलं की गप्प होतं. एका ठिकाणी पाठांतर कमी पडलं, दुसऱ्या ठिकाणी त्याने समजुतीची जागा घेतली. तेव्हा पाठांतर हवं की नको, हा प्रश्न अपुरा आहे. विचार करताना जे हाताशी लागतं ते पाठ असावं. जे विचारातूनच मिळवायचं असतं, ते पाठ करून मिळत नाही.'

इथे काय झालं ते नीट पाहा. एकही भारदस्त शब्द नाही. दोन साधी दृश्यं आहेत, आणि ती सहज सुचली म्हणून घातलेली नाहीत: एक म्हणण्याच्या पहिल्या अर्ध्याला धरून आहे, दुसरं दुसऱ्या अर्ध्याला. त्यांच्यातल्या विरोधातून प्रश्न तयार होतो, आणि प्रश्न तयार झाल्यावरच म्हणणं येतं. दृश्य, त्यातली अडचण, अडचणीतून प्रश्न, प्रश्नाला तुमचं उत्तर, अशी ती चाल आहे. शेवटची दोन वाक्यं म्हणजे कच्च्या कागदावर आधी लिहिलेलं तेच म्हणणं, थोडं बदलून. ते परिच्छेदाच्या तळाशी गेलं, कारण तिथवर पोचताना वाचकाला त्याची गरज भासायला लागलेली असते.

यात मी मुद्दाम एक गोष्ट घातलेली नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली एका गाजलेल्या लेखात मांडलं की माणूस एका वेळी साधारण सातच, दोन कमी-जास्त, घटक लक्षात धरून ठेवू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला. वरचं मूल भागाकाराची पायरी का विसरतं, याचं स्पष्टीकरण इथे आहे, आणि निबंधातला हा माझा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे. नवा लेखक तो पहिल्याच परिच्छेदात ओततो. मग मधला भाग रिकामा वाटतो, आणि प्रस्तावनेत तो पुरावा समजावण्यात चार वाक्यं जातात. सुरुवातीने वाचकाच्या मनात 'असं का होत असेल?' हा प्रश्न जागा करावा. पुराव्याची जागा त्याच्या पुढे आहे.

तुम्ही करून पाहिलेल्या युक्त्यांविषयी आता. सुविचार किंवा अवतरण घ्यायला माझी हरकत नाही, पण त्याच्याशी तुमचं काही देणंघेणं हवं. जे अवतरण तुम्ही पुढे तपासणार आहात, ज्याला दुरुस्ती सुचवणार आहात, ज्याच्याशी भांडणार आहात, ते जरूर घ्या. नुसतं मान डोलवण्यासाठी घेतलेलं अवतरण खुंटीला टांगल्यासारखं दिसतं, आणि ते ज्याचं म्हणून लिहिलंय त्याचंच आहे का, हा धोका वेगळाच. खात्री नसेल तर नाव घालू नका. चुकीच्या नावाने दिलेलं अवतरण पहिल्याच ओळीत तुमच्यावरचा विश्वास उडवतं. कवितेच्या ओळींचंही तेच.

व्याख्येने सुरुवात फक्त एकाच परिस्थितीत करावी: त्या शब्दाच्या अर्थावरच वाद असेल तेव्हा. 'न्याय', 'यश', 'स्वातंत्र्य' असे शब्द वेगवेगळे लोक वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. तिथे 'मी हा शब्द या अर्थाने वापरतो' हे आधी सांगणं प्रामाणिकपणाचं आहे. पण पुस्तकाला पुस्तक का म्हणतात, हे कोशातून उतरवून कोणालाच काही मिळत नाही.

प्रश्नाने सुरुवात करण्याची आवड फार जणांना असते. कसोटी सोपी आहे. प्रश्न वाचताक्षणी वाचकाच्या तोंडून 'हो' किंवा 'नाही' निघून गेलं, तर प्रश्न वाया गेला. 'पाण्याशिवाय आपण जगू शकू का?' असं विचारल्यावर पुढे वाचायचं कशाला? वाचकाला क्षणभर थांबवणारा, दोन्ही बाजूंनी ओढणारा प्रश्न असेल तर एकच विचारा. एकापाठोपाठ चार प्रश्न ठेवले की आपली चौकशी चालली आहे असं वाटू लागतं.

'आजच्या धकाधकीच्या युगात' आणि 'विज्ञानाच्या या युगात' या वाक्यांबद्दल एवढंच सांगतो की तपासणाऱ्याने ती त्याच गठ्ठ्यात आधीच अनेकदा वाचलेली असतात.

आतापर्यंत मी मुख्यतः वैचारिक निबंधाविषयी बोललो. ललित निबंधात चाल निराळी असते. तिथे पहिल्या परिच्छेदात म्हणणं मांडलं तर मजाच जाते, कारण वाचकाला लेखकासोबत भटकायचं असतं. पण तिथेही सुरुवात एक शब्द देतच असते, तो सुराचा. पहिल्या चार ओळी हळुवार, आठवणीत रमणाऱ्या असतील आणि पुढे एकदम आकडेवारी सुरू झाली, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. ललित निबंधाची सुरुवात तपासताना मी एकच पाहतो: हा आवाज शेवटपर्यंत टिकणार आहे का?

संशोधनपर लेखनात उलट आहे. तिथे सुरुवातीचा साचा बऱ्यापैकी पक्का आहे आणि तो पाळण्यात कमीपणा नाही. भाषाअभ्यासक जॉन स्वेल्स यांनी 1990 साली शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचं विश्लेषण तीन चालींत मांडलं: आधी क्षेत्र दाखवायचं, म्हणजे या विषयावर काय काम झालंय, मग त्यातली मोकळी जागा दाखवायची, काय राहून गेलंय, कुठे मतभेद आहे, आणि मग ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. 'या लेखात मी अमुक करणार आहे' हे वाक्य तिथे शोभतं, कारण वाचकाला लेख पूर्ण वाचायचा की नाही हे त्यावरून ठरवायचं असतं. त्यातली मधली चाल, मोकळी जागा दाखवण्याची, साध्या निबंधातही उसनी घेण्यासारखी आहे. 'सगळे याबद्दल बोलतात, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही' असं एक खरं वाक्य सापडलं, तर प्रयोजन आपोआप मिळतं. ते खरं मात्र असायला हवं.

लांबीविषयी: एकूण निबंधाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास प्रस्तावना असावी, हा ढोबळ हिशेब चालतो. वरचा तिसरा खर्डा ऐंशी-नव्वद शब्दांचा आहे, म्हणजे तो 800-900 शब्दांच्या निबंधाला बेताचा आहे. 300 शब्दांच्या निबंधात तो भला मोठा होईल. तिथे त्याचीच काटछाट करायची: 'सात आठे छप्पन्न पाठ नसलेलं मूल भागाकारात अडतं, गुरुत्वाकर्षणाची व्याख्या पाठ असलेलं मूल चेंडू खाली का येतो यापाशी अडतं. म्हणून पाठांतर हवं की नको हे विचारण्याऐवजी काय पाठ असावं, हे विचारायला हवं.' दोन वाक्यांत चाल तीच राहिली. लांबत जाणाऱ्या प्रस्तावनेबद्दल ॲरिस्टॉटलचं एक निरीक्षण मला नेहमी आठवतं: ज्यांची बाजू लंगडी असते तेच प्रस्तावनेत रेंगाळतात, कारण मुद्द्यावर येणं त्यांना परवडत नाही. तपासणारा तुमची बाजू लंगडी आहे असं समजू नये, एवढ्यासाठी तरी लवकर मुद्द्यावर या.

परीक्षेचं आता. तिथे पुन्हा लिहायला वेळ नसतो, त्यामुळे 'शेवटी लिहा' हा सल्ला थोडा वळवावा लागतो. 45 मिनिटं असतील तर पहिली सहा-सात मिनिटं निबंध लिहायला घेऊच नका. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर 'माझं म्हणणं असं की' हे वाक्य लिहा, त्याखाली तीन-चार मुद्दे एकेका शब्दात, आणि प्रत्येकासमोर एक उदाहरण. त्या उदाहरणांपैकी सगळ्यांत ठसठशीत एक उचला आणि त्यानेच सुरुवात करा. मधल्या भागात दुसरं वापरा. उदाहरण सुचतच नसेल तर अडून राहू नका. दुसऱ्या खर्ड्यासारखी साधी, दोन मतं मांडणारी सुरुवात करा, मात्र शेवटचं 'सांगणार आहे' काढून तिथे म्हणणं लिहा. अशी सुरुवात चमकदार नसली तरी तपासणाऱ्याला तुम्ही कुठे चाललात हे पहिल्या मिनिटात कळतं, आणि पुढचे मुद्दे तो त्या उजेडात वाचतो. वर ओळी मोकळ्या सोडण्याची युक्ती परीक्षेतही चालते, पण शेवटची पाच मिनिटं त्यासाठी राखून ठेवण्याची शिस्त असेल तरच. ती जागा कोरीच राहिलेल्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या आहेत, आणि तपासताना हळहळलो आहे.

घरी लिहिलेल्या निबंधासाठी शेवटची तपासणी सांगतो. निबंध पूर्ण झाला की प्रस्तावना आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य, एवढंच सलग मोठ्याने वाचा. प्रस्तावनेत ज्याचा उल्लेख आहे ते पुढे आलंय का? आणि पुढे जे आलंय त्याची चाहूल आधी लागते का? लिहिता लिहिता मत बदललेलं असतं आणि प्रस्तावना जुन्याच मतावर उभी असते, असं फार वेळा होतं. अशा वेळी मधल्या भागाला हात लावू नका. नव्याने कळलेलं बहुधा तिथेच असतं. बदलायची ती प्रस्तावना.